शुकवारी कोणाच्या घरी गेली

अन्याय शुकवारीवर झाला. मागच्या वर्षी उन्हाळ्यात, तेंदूपत्त्याची तोडणी सुरू व्हायच्या आधीच्या मंगळवारी, भर दुपारी, एटापल्लीच्या पलीकडच्या एका अंगणात. मी तिथे होते. शुकवारी नव्हती, कारण तिला मरून कितीतरी वर्षं झाली होती. मेलेल्या बाईवर कसला आलाय अन्याय, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठीच हे लिहिते आहे. तिच्या बाजूनं बोलणारी एकच बाई होती, तिची म्हातारी आई. आता तीही नाही.

आईच्या आईला गोंडीत काको म्हणतात. शुकवारीच्या मुलाची ती काको, म्हणून साऱ्या गावाची काको, म्हणून माझीही. मी एका संस्थेकडून ग्रामसभेची पत्रकं घेऊन त्या गावात पहिल्यांदा गेले तेव्हा ती ओट्यावर पाय पसरून बसली होती आणि खर्ऱ्याच्या, म्हणजे घोटलेल्या तंबाखू-सुपारीच्या, पुडीचं रबर दातानं ओढत होती. मी नमस्कार केला. तिनं वर पाहिलं.

"कोनत्या वारची वो तू?"

"म्हणजे?"

"जल्मली कोनत्या वारी?"

मला माहीत नव्हतं. ती शेजारणीकडे वळून म्हणाली, "इतकी शिकली, अन् मायले एवढं नाई विचारलं." मग मलाच, "आज बुधवार हाय. तू बुधवारी."

त्या रात्री मी आईला फोन केला. मी शनिवारची निघाले. पुढच्या खेपेला तसं सांगितलं, तर काकोनं हात झटकला. "आता का होते? हाक मारून झाली."

हे तिचं वाक्य लक्षात ठेवा. तिचा सगळा कायदा त्या एका वाक्यात होता. हाक मारली की माणूस आलं. मग त्याला परत पाठवता येत नाही.

ती गावची दाई. आता बाळंतिणीला गाडी येऊन दवाखान्यात नेते, पण त्याआधीचं अर्धं गाव तिच्या हातात जन्मलं. ती ते फार मिरवायची. ग्रामसभेत एखादा माणूस जास्त बोलायला लागला की मागून आवाज यायचा, "बस बे, मंगलू! पैला माह्याच लुगड्यावर मुतला होता तू." माणूस बसायचा. तिच्या तोंडाला कुलूप नव्हतं. माझ्या पत्रकात ती खर्रा बांधायची आणि वर सांगायची, "तुमचा कागद चांगला हाय पोरी, ओला नाई होत." मी खर्ऱ्यावरून रागावले की पुडी कमरेला खोचायची आणि रिकामं तोंड उघडून दाखवायची, लाल भडक.

सोमारी, मंगलू, बुधराम, शुकवारी. वारावरून नाव ठेवायची ही रीत. तालुक्याच्या गावात या नावांना हसतात. खिडकीमागचा बाबू नाव ऐकतो, शेजारच्या बाबूकडे बघतो आणि दोघं हसतात. मी ते हसू पाहिलंय आणि मला त्याची किळस येते.

काकोच्या नातवाचं नाव तिनं बुधराम ठेवलं होतं. शुकवारी तापानं गेली तेव्हा तो रांगत होता. काकोनंच त्याला वाढवलं. पुढे निवासी शाळेत पोरं त्याला बुद्धू म्हणायला लागली. एका गुरुजींनी तर भर वर्गात सांगितलं की घरी विचार करायला कोणी नसलं म्हणजे अशी नावं पडतात. आठवीत तो राहुल झाला. आज तो चंद्रपूरकडे, वाघ बघायला येणाऱ्यांच्या एका लॉजवर जिप्सी चालवतो.

त्याला मुलगी झाली ती शुक्रवारी. काकोचे पाय महिनाभर जमिनीवर ठरत नव्हते.

बारशाच्या त्या मंगळवारी तिनं पळसाच्या द्रोणात पाणी घेतलं. त्या घराची रीत अशी, की बाळाचा म्हणून तांदळाचा एक दाणा पाण्यावर अलगद सोडायचा. मग घरातल्या गेलेल्या माणसांची एकेक करून नावं घ्यायची आणि प्रत्येकाचा एक दाणा सोडायचा. ज्याचा दाणा बाळाच्या दाण्याला जाऊन चिकटेल, ते माणूस परत आलं. त्याचंच नाव बाळाला.

काकोनं आपल्या सासूचं नाव घेतलं. दाणा बुडाला. आईचं घेतलं. दाणा काठाला जाऊन थांबला. मग ती जरा थांबली, लुगड्याला बोटं पुसली आणि म्हणाली, "शुकवारी."

दाणा हलला आणि बाळाच्या दाण्याला जाऊन लागला. बाया ओरडल्या. काको ओरडली नाही. दाणे सुटतील म्हणून तिनं श्वाससुद्धा घेतला नाही.

"काको," नातू म्हणाला, "हे सारं बरं हाय. पन नाव कियांशी. ठरलं हाय."

"हे का असते?"

"मोबाइलवर पाह्यलं."

"अर्थ का त्याचा?"

"चांगलाच असंल ना."

"अरे, तुही माय आली हाय दारात."

"शुकवारी ठेवलं त शाळेत रडंल पोरगी. मी रडलो तशी. माह्या मायच्या नावाले कोनी हासलेलं मले नाई चालनार, काको."

त्याचे डोळे भरले होते. त्याच्यावर मला राग धरता येईना. एटापल्लीहून केक आणला होता, त्यावर गुलाबी अक्षरांत नवं नाव होतं. टाळ्या झाल्या. काकोनं द्रोण उचलला, मोहाच्या झाडाच्या बुडाशी पाणी ओतलं आणि कोणालाही न बघता म्हणाली, "दार लावलं तुमी."

त्यानंतर ती पोरीला हाकच मारायची नाही. नुसती टाळी वाजवायची.

हिवाळ्यात नातू सुट्टीवर आला तेव्हा मी ओट्यावर बसले होते. तो उड्या मारतच आला. "काको, पाह्य! मोबाइलमधी पाह्य!" लॉजवर एक जोडपं येऊन राहिलं होतं, मोठ्या शहरातलं. बाई पोटुशी होती. जंगलात फिरताना तिनं याला विचारलं, तुमच्या आईचं नाव काय? यानं सांगितलं. बाई म्हणे नाव ऐकून वेडीच झाली. आणि आता त्यांच्या मुलीचा फोटो आला होता: कोऱ्या करकरीत सुपात ठेवलेलं गोरं बाळ, भोवती मोहाची वाळकी पानं, आणि खाली लिहिलेलं, "आमची शुकवारी. मातीतलं, विसरलेलं, सगळ्यांहून वेगळं नाव."

"तुझ्या पोरीला जे नाव चाललं नाही..." मी सुरू केलं.

"त्याइच्या पोरीले कोन हासनार ताई?" तो म्हणाला. "त्याइनं दगड नाव ठेवलं तरी लोक चांगलंच म्हनतीन."

जुनी नावं परत फॅशनमध्ये येतील का, अशा चर्चा हल्ली पुरवण्यांमध्ये रंगतात. येतील की! का नाही येणार? आधी हसून हसून ती आमच्या अंगणातून हाकलायची, मग रिकामी झाली की धुऊन पुसून आपल्या दिवाणखान्यात मांडायची. बुधरामला रडवणारं जग आणि शुकवारीला सुपात घालून मिरवणारं जग एकच आहे. फक्त त्याचा मूड बदलला.

काकोनं मोबाइल हातात घेतला. डोळ्याजवळ नेला, लांब धरला.

"कोनत्या वारची हाय हे?"

"रविवारची," नातू म्हणाला.

"रविवारची शुकवारी!" काको इतकी हसली की खर्रा घशात गेला. पाणी प्यायली, पुन्हा हसली. "दोन दिवस उशिरा आली वो हे बाई! लगनालेही उशिराच जाईल." आम्हीही हसलो.

मग ती एकदम थांबली. मोबाइल मांडीवर ठेवून माझ्याकडे बघायला लागली.

"बुधवारी, तिकडं त नसंल गेली ना वो ती?"

"कोण?"

"माही शुकवारी. इथी आमी दार लावलं. तिकडं कोनी हाक मारली. वार चुकला त का झालं? तुहाही चुकला होता. हाक मारून झाली ना. मंग जो हाक मारंल, त्याच्याच घरी जाईल ते."

मी काहीतरी बोलले, असं नसतं वगैरे. तिनं ऐकलं नाही. नातवाला म्हणाली, "त्या बाईले सांग, तिले आंबील लागते. थंडी आंबील. अन् अंधाराले भेते, दिवा ठेवजो म्हना." नातवानं मोबाइल तिच्या मांडीवरून उचलला आणि खिशात घातला. त्यानं कोणाला काय सांगायचं?

पुढे प्रत्येक खेपेला तिचं एकच असायचं. "बुधवारी, पुसलं का वो? आंबील देतेत का?" एकदा मी खोटंच "देतात" म्हणाले. तिनं माझं तोंड निरखून पाहिलं आणि खर्ऱ्याची पुडी काढून अर्धी माझ्यापुढे धरली. आयुष्यात पहिल्यांदा मी घेतली.

पोळ्याच्या आधी काको गेली. मी पोचले तेव्हा ओटा सारवून झाला होता. अंगणात ती पोरगी आपल्या पायांवर उभी होती, नुकतीच चालायला लागलेली. कियांशी, कियांशी म्हणून तिची आई घरातून हाका मारत होती. पोरगी वळून बघत नव्हती. मग मी टाळी वाजवली. ती लगेच वळली आणि मोहाच्या झाडाकडून माझ्याकडे चालत आली.

आता तुम्हाला सांगते. तुमच्या घरी मूल व्हायचं असेल आणि नाव शोधत असाल, तर आमच्या अंगणातून नाव उचलू नका. उचलायचंच असेल, तर आधी ते कोणाचं होतं ते विचारा, आणि तिला आंबील द्या. आणि कधी एटापल्लीच्या पलीकडे आलात, ओट्यासमोर मोहाचं झाड असलेलं घर दिसलं, तर गाडी थांबवा. खाली उतरा. त्या पोरीला शुकवारी म्हणून हाक मारा. सगळ्यांना ऐकू जाईल अशी, आणि न हसता.