डॉक्टर-नायकांची लेखिका

साउथहॅम्प्टनच्या एका पुस्तकांच्या दुकानात त्या लोकप्रिय अमेरिकन कादंबरीकार बाई सह्या देत होत्या. त्यांचे सगळे नायक देखणे, अबोल डॉक्टर. तेच वाचून मी बावळट, एका डॉक्टरच्या मागे पुण्याहून इथे आले. आमचे हे अबोल निघाले खरे, पण ड्यूटीवरून आले की जेवता जेवता झोपायचे म्हणून! आता नातही तीच पुस्तकं वाचून एका सर्जनवर भाळली आहे.

नातीचं पुस्तक सहीसाठी पुढे करत मी हे सांगितलं, तर बाई पेपरमिंट चघळत, मान खाली घालूनच म्हणाल्या, "मी नाही बाई डॉक्टर केला! माझा नवरा अकाउंटंट. सहाच्या ठोक्याला घरी."

"मग हेच लिहा ना नातीच्या पुस्तकावर."

बाईंनी पहिल्यांदाच वर पाहिलं. "अहो, मग माझं पुढचं पुस्तक कोण घेईल?"

आणि लिहिलं, 'तुला तुझा डॉक्टर मिळो.' खाली बदाम काढला.