फळ्याकडे तोंड करून

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. अंबरनाथला मोरिवलीजवळच्या एका शाळेत मी चौथीला शिकवत होते. वर्ग दुसऱ्या मजल्यावर. छातीत दुखायला लागून वर्ष झालं होतं. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात तपासण्या झाल्या. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाच्या रक्तवाहिन्या फार बारीक आहेत, ऑपरेशन जमणार नाही. गोळ्या घ्या आणि जपून राहा. जपून राहायचं म्हणजे नेमकं काय, हे सांगायला त्यांना वेळ नव्हता.

ते सांगितलं उल्हासनगरच्या एका सिंधी डॉक्टरांनी. "बहनजी, दर्द को पहचानो. कब आता है, कितनी देर रहता है, सब लिखो." मी वहीत लिहू लागले. भरल्या पोटी जिना चढला की दुखतं. गार वाऱ्यात दुखतं. चिडलं की हमखास दुखतं, आणि माझा स्वभाव पाहता वही भरायला फार दिवस लागले नाहीत. दुखलं की बसायचं, गोळी जिभेखाली ठेवायची, गप्प राहायचं. पाचेक मिनिटांत कळ ओसरते. नाही ओसरली तर इस्पितळ गाठायचं. हळूहळू कळ ओळखीची झाली. खोटं कशाला बोलू, भीती मात्र तसूभर कमी झाली नाही.

शाळेत मी कुणालाच सांगितलं नव्हतं. कळलं असतं तर मला वर्गावरून काढून कार्यालयात दाखले लिहायला बसवलं असतं, आणि ते मला दुखण्यापेक्षा जड गेलं असतं. पण गोळी तोंडात असताना शिकवणार कसं? मी युक्ती काढली. कळ आली की मुलांना शुद्धलेखन द्यायचं आणि खुर्ची फळ्याकडे वळवून बसायचं, पुढचा धडा मनात जुळवत असल्यासारखं. वर्ग अगदी चिडीचूप असायचा. माझा दराराच तसा, अशी माझी समजूत.

एकदा शाळेच्या तपासणीला शिक्षणखात्याचे साहेब आले. त्या दिवशी मी जिना घाईने चढले होते. गोळी जिभेखाली ठेवून खुर्ची वळवते न वळवते तोच साहेब दारात. कशीबशी उठून उभी राहिले.

"काय बाई, अभ्यासक्रम कुठवर आलाय?"

मला तोंड उघडता येईना. तेवढ्यात सगळा वर्ग उभा राहिला आणि एका सुरात एकोणीसचा पाढा म्हणू लागला. तो संपला तसा सतराचा सुरू झाला. साहेब खूश होऊन मान डोलावत पुढच्या वर्गात गेले. मी मटकन खाली बसले.

कळ ओसरल्यावर मी विचारलं, "पाढे म्हणायला कुणी सांगितलं होतं?"

पहिल्या बाकावरची मुलगी उठली. "कोनी नाय, बाई. आमचं ठरलंय. तुम्ही गोळी खाऊन फळ्याकडं तोंड केलं की आवाज नाय करायचा. पण आज साहेबच बोलायला लागला, मग काय करनार?"

"कधी ठरलं हे?"

"दिवाळीच्या आधी." मग तिने खिडकीशी बसलेल्या मैत्रिणीकडे बोट दाखवलं. "ती मनात तीनशे मोजते. तीनशे झाले आन् तुम्ही वळल्या नाय, तर मी मोठ्या बाईंना बोलवायला पळायचं. चपला मी आधीच काढून ठेवते. चपला घालून पळता येत नाय."

मी बाकाखाली पाहिलं. तिचे पाय खरंच अनवाणी होते. नऊ वर्षांची पोरं. शाळेत कुणाला कळू नये म्हणून मी एवढं जपलं, आणि ही मुलं महिनोन्महिने माझ्या पाठीकडे बघत आकडे मोजत होती. मला अतोनात लाज वाटली. रडूही आलं, आणि मी त्यांच्यासमोरच रडले.

मग त्या मुलीला चपला घालायला सांगितल्या आणि मधल्या सुट्टीत मोठ्या बाईंच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं. सोमवारपासून मी कार्यालयात दाखले लिहायला बसले.