पंचफुलाच्या नवसाचे रोडगे

कामरगावात डॉक्टर मारोतरावांच्या दवाखान्याला लागूनच माझं औषधांचं दुकान. त्यामुळे त्यांच्या कविता आधी माझ्याकडे येतात, चिठ्ठीच्या मागच्या बाजूला. जपानी पद्धतीच्या, तीनच ओळींच्या. "तीन लायनीत नाई बसलं तं ते सांगाची गरजच नाई," म्हणतात. परवाची ही:

ओटा रिकामा,
खोकला मात्र अजून
बसून आहे.

गिऱ्हाईक खोळंबतं आणि मी वाचत बसतो.

त्यांचं दुसरं खूळ महागातलं. गावाबाहेर भुरकुबाबांची समाधी आहे. डॉक्टरांनी म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारून विचारून लेख लिहिला, की असा माणूस कधी झालाच नाही, इकडच्या तिकडच्या गोष्टी जोडून गावानं तो घडवला. वाशीमच्या एका मासिकात तो छापूनही आला. गाव चिडलं असतं तर बरं होतं. गाव नुसतं हसलं, आणि डॉक्टरांनी बऱ्या केलेल्या दुखण्यांचे नवस बाबांनाच फेडत राहिलं. अशानं माणूस आतून थकतो हो.

यंदा गावातल्याच पंचफुलाला क्षयरोग निघाला. दोन महिन्यांत ताप गेला, अंग भरलं. समाधीपाशी गोवऱ्यांच्या विस्तवावर कणकेचे रोडगे भाजून नवस फेडायचं तिनं ठरवलं आणि गोळ्या बंद केल्या. सहा महिने पुरे केले नाहीत तर दुखणं उलटेल, मग या गोळ्यांना जुमानणार नाही, असं डॉक्टर तिच्या घरी जाऊन पुन्हा पुन्हा ओरडले.

"नवस फेडून बी गोया खाल्ल्या तं बाबाले काय वाटन?" ती म्हणाली. "माहा भरोसा नाई म्हनून?"

रोडग्यांच्या दिवशी डॉक्टर स्वतःच समाधीवर गेले. गोळ्यांची पाकिटं त्यांनी बाबांपुढे ठेवली, हात जोडले, आणि सगळ्यांदेखत ती उचलून तिच्या पदरात टाकली.

"बाबा सपनात आले होते. प्रसाद अर्धा टाकू नोको म्हने."

पंचफुलानं पाकिटं कपाळाला लावली आणि तिथंच एक गोळी घेतली. मला हायसं वाटलं, आणि डॉक्टरांकडे पाहून रडूही आलं.

परतताना ते माझ्या मोटरसायकलवर मागे बसले होते.

"हा बाबा कुठून आला, लय वर्सं शोधलं," ते म्हणाले. "आज समजलं. अशाच कोन्या दमलेल्या मानसानं घडवला असन, ज्याचं कोनी आयकत नव्हतं."