लाल दिसलं

आमच्या संशोधन केंद्रात पोपटरावांना कुणी शास्त्रज्ञ म्हणत नव्हतं, पण मेंढीच्या पोटातला रस्ता त्यांच्याइतका कुणालाच पाठ नव्हता. लाल रंगवलेला कडबा मेंढीला चारायचा आणि दर दोन तासांनी तिच्या लेंड्या फोडून लाल कण शोधायचे, हे त्यांचं काम. पहिला कण साधारण विसाव्या तासाला, शेवटचा चौथ्या दिवशी. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ते वहीत ‘लाल दिसलं’ लिहीत नसत. एकदा मी सांगितलेली वेळसुद्धा त्यांनी लिहिली नाही. “मॅडम, ऐकीव हाय ते.” मी पेठेतली, वर पीएचडी. चांगलंच झोंबलं मला.

गेल्या वर्षी त्यांच्या बायकोचं, मुक्ताईंचं, पोट सारखं फुगायला लागलं. हडपसरला घराजवळच्या डॉक्टरांनी गॅसच्या गोळ्या दिल्या. पोपटरावांचं समाधान होईना. त्यांनी दोन बीट उकडून मुक्ताईंना खायला घातले. दोन दिवसांत लाल पडलं नाही, तर तडक मोठ्या दवाखान्यात न्यायचं ठरवलं. आता बायकोच्या मागे संडासात कोण जाणार? यांनी विचारलं, तिने सांगितलं, आणि यांनी आमच्याच वहीच्या मागच्या पानावर लिहिलं : लाल दिसलं, विसावा तास. संपलं, चौथा दिवस.

“मॅडम, रस्ता मोकळा हाय!” वही दाखवताना त्यांचा चेहरा उजळला होता.

“अहो, हे तर हुबेहूब मेंढीचं गणित,” मी म्हणाले. “वहिनींना कडबा घालता की काय?”

दोघंही हसलो. आकडे तपासायचा पगार मला मिळतो, आणि मी हसले.

तीन महिन्यांनी मुक्ताईंच्या उलट्या थांबेनात. दवाखान्यात कळलं, आतड्यात गाठ आहे आणि ती पसरली आहे. मी भेटायला गेले तेव्हा त्या माझ्यासमोरच नवऱ्याला म्हणाल्या, “अवो, लाल आलंच न्हवतं. आपरेशनचं भ्या वाटलं. तुमी जेवताना रोज मेंढीचं सांगायचा, तेच सांगितलं मी.”

पोपटराव तिच्या पायांवरची चादर सारखी करत राहिले. आठ दिवसांनी त्या गेल्या.

तेरावा झाल्यावर पोपटराव कामावर आले. वहीचं मागचं पान उघडलं, ‘दिसलं’ खोडलं आणि वर ‘ऐकलं’ लिहिलं. मग वही माझ्यापुढे सरकवली. आमच्याकडे खाडाखोड केली की शेजारी अधिकाऱ्याची सही लागते.

मला रडू आवरेना. त्या दिवशी नुसतं “तुम्ही पाहिलंत का?” एवढं विचारलं असतं तरी पुरलं असतं. डोळे पुसले आणि सही केली.

पोपटरावांनी वही जवळ घेऊन पाहिली, परत माझ्यापुढे ठेवली.

“तारीख ऱ्हायली, मॅडम.”