लाल दोरीची पाच मिनिटं

धुलाई कारखान्यात सकाळची पाळी सातला भरायची आणि यंत्रं सात-पाचला सुरू व्हायची. मधली पाच मिनिटं कार्डाची. सगळ्यांनी इस्त्रीखात्यात गोल उभं राहायचं, ज्याची पाळी असेल त्याने सुरक्षिततेच्या बावीस कार्डांपैकी एक वाचायचं आणि बाकीच्यांनी जांभया द्यायच्या. इस्त्रीवरच्या मावशींनी अकरा वर्षं सगळी कार्डं वाचली, फक्त नववं नाही. नवव्याच्या दिवशी कधी त्यांचा घसा बसायचा, कधी चष्मा घरी राहायचा.

नववं कार्ड इस्त्रीच्या रोलरचं होतं. त्यात लिहिलं होतं, ‘मागील अपघातात एका कामगाराची दोन बोटे गेली. कारण : सहकाऱ्याने थांबवण्याची लाल दोरी ओढण्यास केलेला उशीर.’ बोटं मावशींची होती. सहकारी म्हणजे शिडी. उंचीवरून पडलेलं नाव. पूर्वी दोघी एका डब्यात जेवायच्या. अपघातानंतर शिडी घडीखात्यात गेली आणि दोघींचं बोलणं ‘जरा सरक’वर आलं.

आज मात्र कारखान्यात लगीनघाई होती. नवा रोलर बसला होता. त्यावर शिकायला सहा मुली आल्या होत्या आणि सगळ्यांना तो पहिल्यांदा फिरताना बघायचा होता. सुपरवायझरने नववं कार्ड थेट मावशींच्या हातात दिलं.

“चष्मा...” मावशी म्हणाल्या.

“दोन आणलेत. बघा, कुठला लागतो.”

हशा पिकला. सुटका नव्हती. मावशींनी एक चष्मा चढवला आणि त्या वाचायला लागल्या. ‘कारण’पाशी त्यांनी मान वर केली. समोर सहा कोवळे चेहरे होते, बारा हात, साठ बोटं. त्यांच्यामागे, सगळ्यांच्या डोक्यांवरून, शिडी बघत होती. मावशींनी कार्ड खिशात घातलं.

“पुढचं खोटं आहे,” त्या म्हणाल्या. “खरं सांगते.”

जांभया थांबल्या.

“त्या दिवशी चादरींचा ढीग पडला होता. लाल दोरी ढकलगाडीला सारखी अडकायची आणि यंत्र बंद पडायचं. मी वैतागले. दोरी वर खांबाला बांधून टाकली. कुणाला सांगितलं नाही. मग एका चादरीचा कोपरा दुमडला, तो सरळ करायला मी बोटं पुढे केली. मी ओरडले तशी ही धावली. दोरी असते तिथे हिने हात मारला. तिथे दोरी नव्हतीच. ही भिंतीवरच्या बटणापर्यंत पळाली, तेवढा तो उशीर. मी हॉस्पिटलातून आले तेव्हा कार्ड छापून तयार होतं. म्हटलं, उद्या सांगू. तो उद्या आज उजाडला.”

सगळ्यांच्या माना शिडीकडे वळल्या.

“माहीत आहे मला,” शिडी म्हणाली. “तू टॉवेलात हात गुंडाळून बसली होतीस, तेव्हा ती गाठ मीच सोडली. साहेब यायच्या आत. म्हटलं, बोटं तर गेलीच, नोकरी तरी राहू दे.”

मावशींनी चष्मा काढला. “मग अकरा वर्षं बोलली का नाहीस?”

“तू बोलशील म्हणून थांबले. तुझं तोंड इतकी वर्षं बंद राहील, असं कुणाला वाटलं असतं?” सगळे हसले. शिडी हसली नाही. “अजून झोपेत दोरी शोधते मी. नवरा म्हणतो, एक दिवस भिंत पाडशील.”

“मीही शोधते गं,” मावशी म्हणाल्या, आणि दोघींचे डोळे एकदमच भरून आले.

तेवढ्यात बॉयलरवाले काका खाकरले. “चौदावं कार्ड माझं आहे. त्यात भुवया जळाल्या एवढंच लिहिलंय. मी त्यानंतर वर्षभर घरी गॅस पेटवला नाही, ते लिहिलेलं नाही. सांगू का?”

“काका, माझं आधी,” ड्रायरवाला म्हणाला. “तुमच्या भुवया निदान परत आल्या.”

बघता बघता रांग लागली. जो तो आपल्या कार्डाचा नंबर सांगू लागला. सुपरवायझरने घड्याळ पाहिलं. सात-वीस झाले होते. त्याने खिशातून पेन काढून मावशींकडून कार्ड मागून घेतलं आणि ‘कारण’ची ओळ खोडली. “बाकीचे उद्यापासून, रोज एक,” तो म्हणाला. “आता रोलर. पलीकडच्या टोकाला कोण उभं राहणार?”

शिडी केव्हाच निघाली होती. पलीकडे पोचताच तिने रोलरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली लाल दोरी चाचपली.

“कुठे बांधलेली नाही ना?”

“बघ की ओढून,” मावशी म्हणाल्या.

शिडीने ओढली. यंत्र थांबवल्याची घंटा घणघणली. तिने पुन्हा ओढली. मग सहाही मुली पुढे सरसावल्या, एकीमागून एक, आणि इस्त्रीखात्यात घंटांचा नुसता कल्लोळ उडाला.

“पुरे गं,” मावशी म्हणाल्या, आणि त्यांनी स्वतःच हात लांबवून दोरी ओढली.