पत्रातून गाळलेली भावजय

टकटक आत्याने सूड घ्यायचं ठरवलं तेव्हा हिवाळा संपत आला होता. म्हणजे निघतो निघतो म्हणत उंबऱ्यावरच रेंगाळत होता. दुपारी खिडकीत हातभर ऊन यायचं, पण स्वेटर काढला की शिंक ठरलेली.

वकिलाच्या ऑफिसात तीस वर्षं टायपिंग करत आली म्हणून पुतणे तिला टकटक आत्या म्हणत. लग्न केलं नाही. संसार म्हणजे एक खोली आणि ऑफिसाने मोडीत काढलेला टाइपरायटर. दर हिवाळ्याच्या अखेरीला ती घराण्याचं पत्र काढायची: कोण कुठे जाऊन आलं, कोणाला मूल झालं, कोणाचा गुडघा धरला. कार्बन लावून बारा प्रती, बारा घरांना. पत्र आईने सुरू केलेलं, आणि नियमही आईचाच. मरणाची बातमी पत्रात लिहायची नाही. ज्याचा उल्लेख नाही तो गेला असं समजायचं आणि फोन करायचा.

भर थंडीत भावजय म्हणाली होती, “वन्सं, माझ्या वडिलांना बरं नाही हो. आम्ही सगळे जाऊन येतो. तेवढं घराकडे बघाल?”

आत्याने बघितलं. तीन आठवडे रोज ऑफिसातून परस्पर तिकडे. शेगडी पेटवायची, नाहीतर नळ गोठून फुटतात. कुंड्यांना पाणी, मांजरीला दूध. एकदा त्यांच्याच निसरड्या पायरीवर ती आपटली आणि डावं मनगट टम्म सुजलं. बोलली नाही कुणाला. तिकडे म्हातारा आजारी, त्यात आपलं रडगाणं कशाला?

आणि परवा भावजय फोटोंचं पाकीट घेऊन हजर! “पत्रात छान लिहा हं, वन्सं.”

निळा समुद्र, लख्ख ऊन. भाऊ, मुलं, मामेबहीण, मामेबहिणीची सासूसुद्धा. आणि आजारी वडील दोन्ही हातांत आइसक्रीम घेऊन उभे.

“तुम्हाला प्रवास झेपत नाही ना,” भावजय म्हणाली, “म्हटलं, उगाच रुखरुख नको.”

आत्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तोंडाने मात्र ती “चहा घेतेस?” एवढंच म्हणाली.

त्या रविवारी तिने पत्र टाइप केलं. मनगट अजून ठणकत होतं, तरी एक चूक नाही. भाऊ समुद्रावर गेला, मुलं पोहायला शिकली, व्याह्यांनी आइसक्रीम खाल्लं, मांजर लठ्ठ झाली. बारा घरांतली झाडून सगळी माणसं पत्रात आली. भावजय तेवढी आली नाही. काय होणार हे आत्याला पक्कं ठाऊक होतं, आणि टपालपेटीत पाकिटं टाकताना तिला इतकं बरं वाटलं की ती रस्त्यात एकटीच हसली.

चौथ्या दिवशी बहिऱ्या काकांनी भावाला फोन केला आणि “धीर धर रे!” म्हणून ओरडले. मामेबहीण तर रडत दारातच आली. दार उघडलं भावजयीने. ती किंकाळी म्हणे खालच्या मजल्यापर्यंत गेली.

संध्याकाळी भावजय आत्याच्या खोलीत उभी. डोळे लाल.

“वन्सं, जिवंतपणी मारलंत मला! दुसरं पत्र काढा. आत्ताच्या आत्ता!”

“काढते की,” आत्या म्हणाली. “पण मला सांग, सोळा वर्षं मी पत्र लिहिते. त्यात माझ्याबद्दल एक ओळ कधी वाचलीस?”

भावजय आठवू लागली.

“एकाचा तरी फोन आला का गं, की ही बाई आहे की गेली?”

“अहो, तुम्ही तर लिहिणाऱ्या. तुम्ही असणारच ना!”

“असणारच. तुमच्या नळासारखी.” आत्याने मशीनमध्ये कोरा कागद चढवला. “चल, लिहू. आधी माझी ओळ, मग तुझी. या हिवाळ्यात माझं काय झालं, सांग.”

भावजयीची नजर खोलीभर फिरली, भिंतीवर, खिडकीवर, आणि मग मनगटाच्या मळक्या पट्टीवर येऊन थांबली.

“हे... कधी झालं?”

आत्याने कागद बाहेर ओढला, मशीनवर झाकण घातलं आणि खटका लावला.

“पुढचं पत्र पुढच्या हिवाळ्यात,” ती म्हणाली. “तोवर जिवंत असल्याचं तूच सांगत फिर.”