पाणी न प्यालेली माती

फोन सकाळी आला तेव्हा मी पॉलिहाऊसमध्ये ट्रेमध्ये मिरचीचं बी टाकत होते. सुमनची मुलगी शहरातल्या दवाखान्यातून बोलत होती. "मोठी आई, आई गेली," एवढंच म्हणाली. मी विचारलं, किती वाजता. तिनं सांगितलं. चार ट्रे राहिले होते, ते पूर्ण केले, झारीनं पाणी मारलं, हात धुतले आणि मग गाडीची सोय बघायला निघाले. हे ऐकून लोक माझ्याकडं वेगळ्या नजरेनं बघतात. पण ट्रे भरलेले होते, बी हातात होतं, ते तिथं टाकून गेले असते तर सुमनच मला बोलली असती. या गोष्टीला आता दीड महिना झाला. मला अजून रडू आलेलं नाही. आत काही हलतच नाही... पाय बधिर झाल्यावर चिमटा काढला तर जसं होतं, तसं.

सुमन माझी धाकटी जाऊ. चव्वेचाळीस वर्षं आम्ही एका चुलीवर जेवलो. आधी माझे मालक गेले, मग तिचे. माझं शिक्षण चौथीपर्यंत, त्यामुळं मला गोड लिहिता येत नाही. ती मायाळू होती, देवभोळी होती, हे ज्यांना सांगायचं त्यांनी सांगावं. मला आमच्या पॉलिहाऊसच्या पायाबद्दल सांगायचं आहे. त्या पायात एका माणसाचं नाव खराब झालं आणि ते अजून तसंच आहे.

आमची जमीन जळगाव रस्त्याच्या कडेला, डोंगराच्या पायथ्याशी. सपाट तुकडा रस्ता रुंद करताना गेला आणि आमच्याकडं उतार राहिला. त्या उतारावर काय पिकवायचं, तर सुमन म्हणाली, रोपं करू. टोमॅटो, मिरची, कोबीची रोपं लोक लांबून न्यायला येतात. त्यासाठी वीस फूट रुंद आणि चाळीस फूट लांब पॉलिहाऊस उभं करायचं ठरलं. मी म्हणाले, उतार आहे पण थोडाच आहे, खांब रोवू आणि प्लास्टिक टाकू. दुसऱ्या दिवशी सुमन शहरात औरंगपुऱ्याच्या बाजारात जाऊन पन्नास फूट पारदर्शक नळी घेऊन आली. तिच्यात पाणी भरलं, एक टोक माझ्या हातात दिलं, मला वर उभं केलं आणि दुसरं टोक घेऊन स्वतः खाली गेली. दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीला थांबतं, ते कुणाला फसवत नाही. पाणी माझ्या गुडघ्याशी थांबलं आणि तिकडं तिच्या हनुवटीशी. मी वरून म्हणाले, "तू बुटकी हाईस म्हणून." ती खालून म्हणाली, "मग तुम्ही इकडं या, मी तिकडं जाते." आम्ही जागा बदलल्या. पाणी तिच्या गुडघ्याशी आणि माझ्या छातीवर. "आता बोला," ती म्हणाली. तीन फुटांचा उतार होता आणि इतकी वर्षं त्यावरून चालून मला तो कधी दिसला नव्हता.

हे सगळं तिला कुठून माहीत, तर मोठ्या दुष्काळात ती लहान असताना आईबरोबर पाझर तलावाच्या कामावर जायची. डोक्यावर माती वाहताना तिनं बघून ठेवलं होतं की बांध कसा घालतात. माती एकदम टाकत नाहीत. अर्धा फूट टाकायची, पाणी पाजायचं, धुम्मस करायचं, म्हणजे लांब दांड्याच्या जड लोखंडी ठोकळ्यानं ठोकून ठोकून घट्ट करायची. ती दगडासारखी वाजायला लागली की मग पुढचा थर. आमच्या उतारावर तिनं तेच करायचं ठरवलं. वरच्या अंगाची जमीन खोदायची आणि खालच्या अंगाला भराव घालायचा. भराव सरकू नये म्हणून खाली दगडी भिंत, आणि त्या भिंतीचा पाया पायऱ्यापायऱ्यांनी मुरूम लागेपर्यंत खाली नेलेला. वरची काळी माती सगळी काढून टाकायची, कारण ती पावसात फुगते आणि उन्हात फाटते, तिच्यावर काही टिकत नाही.

कामाला सिल्लोडचे रशीद मिस्त्री लावले. सडपातळ माणूस, बोलणं कमी. सुमनचं ऐकून ते पहिल्याच दिवशी म्हणाले, "धाकट्या बाई, तुमच्याकडं मला शिकायला लागतंय का शिकवायला?" ती म्हणाली, "चहा घ्या आधी, मग ठरवू." दोघांचं चांगलं जमलं. भिंतीत पाणी निघायला भोकं ठेवायची का नाही यावर त्यांनी एक अख्खी दुपार वाद घातला आणि शेवटी दोघंही ठेवायचीच म्हणत होते हे त्यांच्या लक्षात आलं. मला त्या सगळ्याचा कंटाळा यायचा. मला खांब उभे राहिलेले बघायचे होते.

भराव सगळीकडं होत आला आणि फक्त दाराजवळचा खालचा कोपरा राहिला, तेव्हा सुमनच्या मुलीचं बाळंतपण आलं. सुमनला तिच्याकडं लासूर स्टेशनला जावं लागलं. जाताना एसटीच्या पायरीवरून मला म्हणाली, "अक्का, कोपऱ्याची घाई करू नका. पंधरा दिवसांत मी येतेच." मी व्हय म्हणाले. तिसऱ्या दिवशी सांगाडा बसवणाऱ्यांचा फोन आला की चार दिवसांत जागा तयार असेल तर येतो, नाहीतर दोन महिने जमणार नाही. मी तीन ट्रॉली मुरूम मागवला आणि एका दुपारी त्या कोपऱ्यात ओतायला लावला. मिस्त्री पुढं आले. म्हणाले, "मोठ्या बाई, असं नका करू. धाकट्या बाईंना येऊ द्या." मी विचारलं, "जमीन माझी हाय का तुमची?" ते म्हणाले, तुमचीच. मग त्यांनी वरचा थर तेवढा पाणी मारून ठोकला आणि सारखा केला. वरून बघणाऱ्याला काही कळलं नसतं. खांब आले, सिमेंटमध्ये रोवले, प्लास्टिक चढलं. सुमन नातवाला बघून परत आली, कोपऱ्यावर पाय आपटून बघितला आणि म्हणाली, बरं झालं.

पावसाळा संपताना तो कोपरा चार बोटं खाली बसला. दार लागेना. छताच्या प्लास्टिकला तिथं झोळ पडला आणि त्यात पाणी साचायला लागलं. चुलत दीर आले, शेजारचे आले, मिस्त्रींना बोलावणं गेलं. सगळे कोपऱ्याभोवती उभे होते. कुणीतरी विचारलं, हे असं कसं झालं. मी खोटं बोलले नाही. मी एवढंच म्हणाले, "मिस्त्रीला विचारा." मिस्त्रींनी माझ्याकडं पाहिलं आणि मी दाराकडं पाहिलं. ते म्हणाले, बघतो. आणि खाली बसून माती चाचपायला लागले... गावाला तेवढं पुरे झालं. ज्यानं त्यांना घराच्या कामाला सांगितलं होतं त्यानं दुसरा मिस्त्री बघितला. त्यांना नाव पडलं, कोपऱ्या. "कोपऱ्या मिस्त्रीला लावू नका, घर कलतं," असं लोक हसत हसत म्हणायचे. हळूहळू आमच्या भागात त्यांना काम मिळायचं बंद झालं.

सुमननं खांबांना टेकू लावून तो कोपरा उकरला. मी शेजारी उभी होते. दोन फुटांखाली मुरूम कोरडा निघाला, ढेकळंच्या ढेकळं, मधे हात जाईल एवढ्या पोकळ्या. तिनं एक ढेकूळ उचललं आणि बोटांनी फोडलं. म्हणाली, "अक्का, ही माती पाणी प्यालेली नाय." मी म्हणाले, "व्हय का?" ती म्हणाली, "व्हय." आणि माझ्याकडं बघितलं. किती वेळ बघितलं ते मला आठवत नाही. मग तिनं टोपली उचलली. तो कोपरा आम्ही दोघींनी पुन्हा भरला, अर्धा अर्धा फूट करून. पहिल्याच दिवशी माझ्या तळहातांना फोड आले. तिनं बघितले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी धुम्मसाचा दांडा पुन्हा माझ्याच हातात दिला. त्यानंतर नऊ वर्षं आम्ही त्या पॉलिहाऊसमध्ये रोज बरोबर होतो. रोपांबद्दल बोललो, सुनांबद्दल बोललो, कुणाचं लग्न मोडलं, कुणाचं जमलं ते बोललो. त्या मातीबद्दल ती परत एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, ती विसरली. किंवा मला तसं वाटून घ्यायचं होतं.

मी फटकळ आहे असं सगळ्या भावकीत प्रसिद्ध आहे. ज्याचं त्याच्या तोंडावर बोलते, मागं ठेवत नाही. लग्नात, मयतीत, कुठंही. लोक मला यासाठी भितात आणि मला त्याचा अभिमान होता.

सुमनच्या तेराव्याला जेवणं झाल्यावर माणसं तिच्या आठवणी काढत बसली होती. चुलत दीर म्हणाले, "कोपऱ्यानं घालवलेलं काम धाकटीनं निस्तरलं. हिंमतीची बाई." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी पत्रावळी गोळा करत होते. ते वाक्य माझ्या कानावर आलं, मी थांबले, आणि परत पत्रावळी गोळा करायला लागले.

त्यानंतर आठदहा दिवसांनी रशीद मिस्त्री आले. त्यांना उशिरा कळलं होतं, ते जळगावकडं कामाला असतात. दाढी सगळी पांढरी झाली आहे. ओट्यावर बसले, पाणी प्यायले. मग म्हणाले, "धाकट्या बाई एकदा माझ्या घरी आल्या व्हत्या. सिल्लोडला, एसटीनं. कोपरा उकरला त्याच आठवड्यात." मला हे माहीत नव्हतं. मी विचारलं, कशाला. ते म्हणाले, "माफी मागायला. म्हणल्या, मिस्त्री, चूक आमची हाय."

"आमची म्हणाली?"

"आमची म्हणल्या."

मी म्हणाले, "आमची नाय. माझी."

"ते मला ठाऊक हाय, मोठ्या बाई. मी तर तिथंच उभा व्हतो." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, तो असता तर मला सोपं गेलं असतं. थोड्या वेळानं ते म्हणाले, "मी बाईंना म्हणलं, मला सांगून काय उपयोग, गावात सांगा. तर म्हणल्या, ते मी सांगणं बरं नाय. अक्का सांगतील. त्या फटकळ हायेत, त्यांच्या पोटात काही राहत नाय. तुम्ही थोडे दिवस थांबा."

चहा आला, तो आम्ही घेतला. निघताना त्यांनी पॉलिहाऊस बघू का विचारलं. आत गेले, त्या कोपऱ्यातल्या खांबाला दोन्ही हातांनी जोर लावला आणि म्हणाले, चांगलं केलंय.

नऊ वर्षं तो माणूस थांबला. नऊ वर्षं ती थांबली, रोज माझ्यासमोर बसून. माझ्याबद्दल तिनं शब्द दिला होता आणि मला त्याचा पत्ता नव्हता. वर्तमानपत्राची ही पुरवणी आमच्या भागात घरोघरी जाते, चुलत दीरही चष्मा लावून शेवटच्या पानापर्यंत वाचतात. म्हणून इथं लिहिते. आमच्या पॉलिहाऊसचा कोपरा रशीद मिस्त्रींनी खाली बसवला नाही. मी बसवला. ते नको म्हणत होते, मी ऐकलं नाही, आणि विचारलं तेव्हा त्यांचं नाव पुढं केलं. त्यांनी बांधलेली दगडी भिंत तेव्हाही हलली नव्हती आणि आजही तशीच उभी आहे. त्यांना यापुढं कुणी त्या नावानं हाक मारली तर माझ्याशी गाठ आहे.

सुमन ट्रे भरायला त्याच कोपऱ्यात बसायची. दुपारी तिथं ऊन सगळ्यात जास्त लागतं, तरी तिथंच, रिकामं क्रेट उलटं घालून, पाठ खांबाला टेकून. मी कैक वेळा म्हणाले, मधे ये, तिथं भाजून निघशील. ती म्हणायची, "मला इथंच बरं हाय." क्रेट अजून तिथंच आहे. परवा मी त्यावर बसले आणि पाठ टेकली. बराच वेळ बसले... खांब हलत नाही.